सिंधूकाकीचा अंगठा

सिंधूकाकी भित्री होती असं कुणी म्हटलं की मी आजही त्याला दोन शब्द सुनावते. आमच्या गल्लीत कुणाच्या घरात साप निघाला तर माणसं बाहेर पळायची आणि तिला हाक मारायची. ती काठीला गुंडाळून तो साप नदीकडच्या बांधावर सोडून यायची आणि हात धुऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. तापीच्या पुरात अडकलेली म्हैस तिने शेपटीला धरून काढली, ती आमच्या डोळ्यांदेखत. अंधाराची, चोराची, भुताखेताची भीती तिला ठाऊक नव्हती. तिला भीती होती फक्त चांगल्या शब्दाची. कुणी धुडकूकडे बघून "काय गुणाचा पोरगा आहे" म्हटलं रे म्हटलं, की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि ती घाईघाईने सांगायची, माझा नाही बाई, दिवलीचा आहे.

दिवली म्हणजे माझी आई. आणि धुडकू होता सिंधूकाकीचाच. तिच्याच पोटचा, तिच्याच दुधावर वाढलेला. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, तरी बोलत कुणी नव्हतं.

आमचं गाव तापीच्या काठाला, नंदुरबारला जायला खडीचा रस्ता. आमचं आणि सिंधूकाकीचं घर एका भिंतीचं. पितांबरकाकाशी लग्न होऊन ती आली तेव्हा माझी आईही नवीच सून होती. दोघींनी एका विहिरीवर पाणी भरलं, एका पाट्यावर चटणी वाटली. पण माझ्या आईची लेकरं जगली, मी आणि माझा थोरला भाऊ. सिंधूकाकीची जगेनात. एक गेलं, दुसरं गेलं. तिसरा मुलगा इतका देखणा निघाला की बारशाला आलेल्या बायकांनी त्याच्यावरून नजर काढली नाही, प्रत्येकीने तोंडभरून कौतुक केलं. आठवडा उलटायच्या आत तो तापाने गेला. तेव्हापासून तिने कौतुकाशी वैर धरलं, आणि कोण म्हणेल की चुकलं तिचं?

चौथ्या खेपेला तिच्या सासूने ठरवलं, हे पोर विकायचं. आमच्याकडे तशी रीतच आहे. पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळावर लेख लिहायला येते, तिने लिहायच्या आत पोराची आई बदलायची. मग मरण ज्या घराच्या मागे लागलं आहे, तिथे त्याला पोर सापडत नाही. विकत घेणारी मात्र जगलेल्या लेकरांची आई हवी, म्हणून माझी आई. ती मागच्या दाराशी सुपात ज्वारीच्या कण्या घेऊन उभी राहिली. सिंधूकाकी ओली बाळंतीण, चिंध्यांत गुंडाळलेलं बाळ पदराखाली झाकून आली. आईने विचारलं, "काय शे तुन्हा पदरमा?" काकी म्हणाली, "धुडकं शे एक. ली जाय." धुडकं म्हणजे चिंधी. आईने मूठभर कण्या तिच्या पदरात टाकल्या, बाळ सुपात घेतलं, आणि सिंधूकाकी पाठ फिरवून उभी राहिली. मागे वळून बघायचं नसतं. त्या चिंधीवरूनच पोराचं नाव धुडकू पडलं.

राहायला, जेवायला, झोपायला तो सिंधूकाकीकडेच होता. पण तिला म्हणायचा काकी, आणि माझ्या आईला माय. लग्नाची हळद लागायच्या आधी धान्य परत करून ती त्याला सोडवून घेणार, असं ठरलेलं. तोपर्यंत त्याला आपला म्हणायचं नाही, नवं कापड घालायचं नाही, आणि दुखण्यात तर त्याच्या जवळही फिरकायचं नाही. मरण तेव्हाच घरात डोकावत असतं ना, त्याला कळता कामा नये की खरी आई कोणती. आमच्या काठाला हिवताप दरसालचा. धुडकूला थंडी भरली की त्याला उचलून आमच्या घरात आणायचं, आणि सिंधूकाकी भिंतीपलीकडे बसायची. ती बोटाच्या पेराने भिंत ठोकायची. आईने इकडून ठोकलं की समजायचं, ताप उतरतो आहे. आईने ठोकलं नाही की काकी तिकडे तशीच भिंतीला टेकून बसून राहायची, चूल नाही, पाणी नाही. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. एकदा मीच उगाच ठोकलं, तर आईने माझ्या हातावर फटका मारला. तिकडे एक बाई जीव मुठीत धरून बसली आहे, तिला खोटं ठोकतेस, म्हणाली.

धुडकू पाच-सहा वर्षांचा असताना पितांबरकाका गेले. काकीला आता तेवढं एकच माणूस उरलं, आणि त्यालाही ती आपलं म्हणू शकत नव्हती.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावच्या शाळेत इंद्रसिंग नावाचे ड्रिल मास्तर आले. शिरपूरकडचे, अंगाने काटक, आवाज असा की नदीपलीकडून ऐकू यावा. आल्या आल्या त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत सागाचा मल्लखांब रोवला, खाली तापीची वाळू पसरली, वाळू वाहून जाऊ नये म्हणून भोवती दगडांचा काठ बांधला आणि खांबाला एरंडेल चोळून पोरांना वर चढवायला सुरुवात केली. धुडकू तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. हडकुळा, पोट थोडं पुढे आलेलं, पण खांबावर चढला की त्याला हाडंच नाहीत असं वाटायचं. नुसत्या पायांच्या पकडीवर उलटा लोंबकळायचा आणि वरून हसायचा. गाव बघायला जमायचं. सिंधूकाकीही जायची, पण शेवरीच्या कुंपणाआड उभी राहून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, जणू सहज रस्त्याने चालली आहे. तो वर चढला की तिचे डोळे त्याच्यावरून हलायचे नाहीत. त्या कुंपणाआडच्या घडीइतकं सुख तिला दुसऱ्या कशात होतं असं मला वाटत नाही.

त्या हिवाळ्यात नंदुरबारला शाळांच्या स्पर्धा व्हायच्या होत्या. त्याच सुमाराला कुठल्याशा गावी खेळताना एक पोरगा दगडावर डोकं आपटून गेला आणि त्याच्या बापाने मास्तराला कोर्टात खेचलं, अशी बातमी आली. झालं. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांचं धाबं दणाणलं. त्यांनी एक मजकूर तयार केला आणि फर्मान काढलं की आईबापांनी यावर सही-अंगठा दिल्याशिवाय एकाही पोराने खांबाला हात लावायचा नाही. मुख्य गुरुजी चुनीलाल. त्यांनी सगळ्या पालकांना शाळेच्या ओसरीवर बोलावून तो कागद वाचून दाखवला. मीही आईबरोबर गेले होते. माझा पाल्य निरोगी आहे, त्याला खेळू देण्यास माझी राजीखुशी आहे, खेळताना त्याच्या हातापायास अगर जिवास काही अपाय झाल्यास शाळा, संस्था अगर शिक्षक जबाबदार राहणार नाहीत, आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार राहणार नाही.

वा रे वा. पोर आमचं, खांब त्यांचा, आणि पोर पडलं तर तक्रार नाही. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. पण खरं सांगायचं तर त्या ओसरीवर न घाबरलेला कुणी नव्हताच. चुनीलाल गुरुजी वाचताना मान वर करत नव्हते. इंद्रसिंग मास्तर एरवी एवढ्या आवाजाचे, पण त्या दिवशी खांबासारखे उभे राहून नुसते स्वतःच्या पायांकडे बघत होते. त्यांच्या घरी दोन लहान लेकरं होती. बाकीच्या बापांनी फार विचार केला नाही. घरीच झाडावरून पडतात, इथे वाळूत पडतील, असं म्हणून शाईत अंगठे बुडवले आणि शेताला निघून गेले.

सिंधूकाकी ओसरीच्या खाली, उन्हात उभी होती. जिवास हा शब्द ऐकला आणि ती तशीच मागे वळून घरी गेली.

दुपारी ती आमच्या मागच्या दाराशी आली. बसली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.  मला अजून तिचं बोलणं जसंच्या तसं आठवतं. "दिवली, जिवाले काही व्हयनं तरी मन्ही तक्रार नही, असं मी कोनले लिखी देऊ? मास्तरले का वरलाले?" तीन लेकरं तिने नदीकाठी मातीत ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी ती घसा फाटेपर्यंत तक्रार करून रडली होती. आता चौथ्याच्या बाबतीत, अजून काही झालेलं नसताना, आधीच लिहून द्यायचं की ने, माझं काही म्हणणं नाही? आणि वर त्याच कागदावर लिहायचं की मी याची आई? बारा वर्षं जे तोंडातून निघू दिलं नाही, ते शाईने लिहून शाळेच्या कपाटात ठेवायचं? आईलाही ऐकून कसंसं झालं. ती म्हणाली, मग नाही म्हणून टाकू, नाचला नाही खांबावर तर काही अडत नाही.

पण तिकडे धुडकूने जेवण सोडलं होतं. रडला असता तर समजूत काढता आली असती, पण तो गप्पच बसला, भिंतीकडे तोंड करून. दोन दिवस सिंधूकाकी त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. तिसऱ्या दिवशी तीच तोडगा घेऊन आली. डोळे चमकत होते तिचे, एवढी खूश मी तिला क्वचितच बघितली. "तूच दे अंगठा," ती आईला म्हणाली. "गावमा तो तुन्हाच शे." म्हणजे पोर खेळेल, कागदही होईल, आणि तो कागद कुणी वरचा वाचायला आलाच तर तो आमच्या घरी येईल. आमच्या घरात त्याचं काही चालत नाही हे सिद्धच झालेलं होतं. सटवाईला चुकवलं, तसंच या कागदाला चुकवायचं.

आईच्या मनाला ते रुचलं नव्हतं, पण मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं? ती शाळेत गेली. गुरुजींना सगळं माहीत होतं, तेही काही बोलले नाहीत, त्यांना अंगठ्याशी मतलब. मास्तर बाहेरगावचे, त्यांनी आपलेपणाने विचारलं, पोराला काही दुखणंबिखणं नाही ना? आई म्हणाली, नाही. दरसालचा हिवताप कोण दुखण्यात धरतो आमच्याकडे? अंगठा देऊन आली आणि तिने राखेने, सोड्याने घासघासून हात धुतला. डाग काही लवकर गेला नाही.

पौषातला शनिवार, सकाळची शाळा. आई आणि सिंधूकाकी कापूस वेचायला मळ्यात गेल्या होत्या, मी घरी दळण निवडत होते. धुडकू एकटाच शाळेतून आला, डाव्या कुशीला हात धरून. खांबाच्या टोकावरून निसटला होता आणि वाळूत न पडता भोवतीच्या दगडी काठावर कुशीवर आपटला होता. लगेच उठला, वाळू झटकली, हसला, मास्तरांनी पाणी पाजलं, बसवून ठेवलं. लागलं नाही म्हणाला. मायला सांगू नको, असं मलाही म्हणाला. मी म्हटलं बरं, बैस, भाकरी देते. भाकरी घेऊन आले तर तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे ओठ कापसासारखे झाले होते. पोटाला हात लावला तर दगड. मी भाकरी तिथेच टाकली आणि धावत मळ्याची वाट धरली.

मी येताना दोघींनी लांबूनच बघितलं. आई ओरडून विचारू लागली, काय झालं, काय झालं. सिंधूकाकीने काही विचारलं नाही. ती होती तिथेच पाठ फिरवून उभी राहिली, ओटीतला कापूस दोन्ही हातांनी घट्ट धरून. सवयच होती ना तिला.

इंद्रसिंग मास्तरांनीच त्याला उचललं. कापसाचा एक ट्रक नंदुरबारला निघाला होता, त्यात आम्ही तिघीही बसलो. चुनीलाल गुरुजीही आले. नंदुरबारला एका डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नका, सुरतेकडची गाडी येईल तिने चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात न्या, तिथे पोट उघडणारे डॉक्टर आहेत. पोट उघडणारे.  गाडीत धुडकूचं डोकं आईच्या मांडीवर होतं. सिंधूकाकी त्याच डब्यात, पण पार पलीकडच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि धुडकू सारखं पाणी मागत होता. माय, पाणी. माय, पाणी. प्रत्येक हाकेला आई त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसायची, आणि पलीकडे काकीची मान थरथरायची. तिने एकदाही वळून बघितलं नाही. मला तिचा इतका राग आला होता की उठून तिला गदागदा हलवावंसं वाटलं. आता विचार केला की वाटतं, त्या बाकावर पाठमोरं बसून राहायला जेवढं काळीज लागलं असेल तेवढं माझ्यात कधीच नव्हतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टरांनी धुडकूला आत घेतलं आणि थोड्या वेळाने व्हरांड्यात येऊन आम्हाला सांगितलं. याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, हिवतापाने सुजलेली होती, मार बसला आणि ती फुटली. पोटात रक्त साठतंय. पोट उघडून ती काढावी लागेल. कापल्यावर वाचेलच असं सांगत नाही, पण कापलं नाही तर संध्याकाळ निघणार नाही. आईबाप कोण आहे?

आणि काय सांगू तुम्हाला, चुनीलाल गुरुजींनी पहिलं काय केलं असेल तर कोटाच्या खिशातून तो शाळेचा कागद काढला. घडी उलगडून डॉक्टरांपुढे धरला, म्हणाले शाळेचं यात काही नाही, हे बघा, आईचा अंगठा आहे. पोर आत मरतंय आणि हा माणूस स्वतःला वाचवतोय. इंद्रसिंग मास्तर कोपऱ्यात जमिनीवर बसून रडत होते, ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, ठेवा हो तो गुरुजी. डॉक्टरांनी त्या कागदाला हातही लावला नाही. मला हा नको, माझ्या कागदावर आईचा अंगठा हवा, म्हणाले. कोण आहे आई?

सगळ्यांनी माझ्या आईकडे बघितलं. नर्सने शाईची पेटी पुढे केली. आई उठली, पुन्हा बसली. तिने अंगठा मुठीत आवळून पदराखाली घेतला.  "मी त्यानी माय नही शे, साहेब," ती म्हणाली. "मी त्याले मूठभर कण्या दिसन ईकत लिधा." डॉक्टर भडकले, पोरं विकता काय म्हणाले. मग गुरुजींनी चाचरत रीत समजावली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, जिने जन्म दिला तिला घेऊन या, आणि पळत या.

सिंधूकाकी दवाखान्याच्या आवारातही आली नव्हती. तारेच्या कुंपणाबाहेर, चिंचेखाली उभी होती. कुंपणालगत आजाऱ्यांचे नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करत होते. आईने तिला एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकी एकेक पाऊल मागे सरकत होती. नको दिवली, आता तर नकोच, ती म्हणत होती. आता तो वरचा इथेच कुठे तरी उभा असेल, कान देऊन. मी तोंड उघडलं आणि आई म्हटलं, की तो पोराला उचलूनच नेईल. तूच दे अंगठा, एकदा दिलास, आणखी एकदा दे.  मीही रडायला लागले होते.

माझी आई कधी कुणाशी कठोर बोलली नाही. त्या दिवशी बोलली. "तो कागद खेळना व्हता, त्यावर मी खोटं चालाडं. हाऊ पोट फाडाना शे. मी खोटं नाव दिधं आन तो गया, तं तू मन्हं तोंड देखशी का?"

सिंधूकाकी मागे सरकायची थांबली. दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिली.  मग ती एवढंच म्हणाली, मग मला तो सोडवून घ्यावा लागेल. विकलेलं पोर धान्य परत केल्याशिवाय आपलं म्हणता येत नाही, आणि रीत मोडली तर मरणाला आयतीच फट. तिने पदर चाचपला. ओटीत सकाळचा कापूस तेवढा होता. ती कुंपणालगतच्या चुलीपाशी गेली आणि तिथे भात शिजवत बसलेल्या बाईपुढे पदर पसरला. डोंगराकडची बाई होती, गुलाबबाई तिचं नाव, नंतर कळलं. तिचा नवरा आत पायाला जखम होऊन पडला होता. तिला आमची बोली धड कळत नव्हती, आम्हाला तिची. तिने काकीच्या तोंडाकडे बघितलं, गाठोडं सोडलं आणि दोन्ही ओंजळी भरून तांदळाच्या कण्या तिच्या पदरात घातल्या. स्वतःला किती उरल्या हे तिने बघितलंही नाही.

सूप कुठून आणणार? आईने आपला पदर पसरला. आणि काय घेतेस ते विचारलं, कारण विचारावं लागतं. "काय लेस?"

सिंधूकाकीने कण्या ओतल्या. घाईत निम्म्या मातीत सांडल्या. "मन्हा आंडोर," ती म्हणाली. माझा मुलगा. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते निघालं, आणि निघताच तिने गपकन मान खाली घातली, वरून कुणी मारायला हात उगारावा तशी. माझी आई तो पदर पोटाशी धरून उभी होती. मला तेव्हा जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, माझा भाऊ गेला. दोन ओंजळी कण्यांत गेला.

डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला. शाळेच्या कागदाचाच भाऊ. शस्त्रक्रियेत जिवास धोका आहे हे मला समजले आहे, काही बरेवाईट झाल्यास माझी तक्रार नाही. नर्सने काकीचा अंगठा धरून शाईकडे नेला. काकीने तो ओढून घेतला. चुनीलाल गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, आता काय आणखी. ती डॉक्टरांकडे बघत म्हणाली, कापा तुम्ही, मी त्याची आई आहे, माझा अंगठा घ्या. "पन तक्रार नही, असं मी लिखी देस नही. तो गया तं मन्ही तक्रार ऱ्हाई."

डॉक्टरांनी विचारलं, माझ्यावर? तिने मान हलवली, तुमच्यावर नाही. मग कुणावर हे त्यांनी विचारलं नाही. खिशातलं पेन काढलं, त्या शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने अंगठा इतका जोरात दाबला की कागद सुरकुतला. मग ती आत गेली, त्याला टेबलावर घेईपर्यंत त्याच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. दुखण्यात तिने त्याला हात लावायची ती पहिली वेळ.

दार बंद झालं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. सिंधूकाकीने भिंतीला डोकं टेकलं आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकायला लागली. थोडं थांबायची, कान द्यायची, पुन्हा ठोकायची. पलीकडून कोण ठोकणार? आई तिच्या शेजारीच बसली होती. माझ्या मनात आलं, आईने आपलं ठोकावं एकदा, तेवढाच तिला धीर. आईला ते कळलं असावं. ती मला हळूच म्हणाली, आता मी पण बाहेरच आहे गं. मग तिने काकीचा हात हातात घेतला आणि ठोकणं थांबलं. 

दिवे लागता लागता नर्सने येऊन सांगितलं, आहे. अजून आहे. रात्र निघाली तर राहील.

पुढचं थोडक्यात सांगते. धुडकू आधी ट्रक चालवायचा, आता विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकांची कामं करतो, त्याच्या पोटावर वीतभर व्रण आहे. मल्लखांबाला त्याने पुन्हा हात लावला नाही. इंद्रसिंग मास्तर सुट्टीला गावी गेले ते परत आले नाहीत. आणि सिंधूकाकीची भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. आधी निदान तो दिवलीचा होता, आता उघड उघड तिचाच. तो ट्रकवर निघाला की परत येईपर्यंत ती उंबऱ्यात बसून राहायची, मरेपर्यंत तशीच. पण सून आल्यावर, नातवंडं झाल्यावरही तिला कुणी विचारलं की हा कोण, तर ती माझा म्हणायची. घाबरत म्हणायची, पण म्हणायची.

मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. धुडकूने डोळे उघडले. खाटेच्या एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला सिंधूकाकी. त्याने कोरड्या ओठांनी हाक मारली, माय. आई सवयीने अर्धी उठली. मग थांबली. तिने काकीकडे बघितलं, काकी तिच्याचकडे बघत होती, तूच ओ दे अशा डोळ्यांनी. माझ्या आईने पदर तोंडाला लावला आणि खाटेकडे पाठ फिरवून उभी राहिली. मागे वळून बघायचं नसतं.

धुडकूने पुन्हा हाक मारली. सिंधूकाकी ओ म्हणाली.